आजी पास झाली, कडी राहिली

“साहेब, म्हातारी माणसं पडेपर्यंत तुम्ही वाट बघता का?”

हा प्रश्न मी विचारला. शाळेच्या हॉलमध्ये, माईकवर, मुख्याध्यापिका पहिल्या रांगेत बसलेल्या असताना. खरं सांगायचं तर प्रश्न चष्मिसने घासूनपुसून दिला, पैज लंबूने लावली, आणि तोंड तेवढं माझं. तोंडाच्या बाबतीत मी कधीच कमी पडत नाही. माझ्या या दोन्ही मैत्रिणी मला ‘भोंगा’ म्हणतात. पूर्वी मला त्याचा राग यायचा. पण नुकतंच मला वक्तृत्व स्पर्धेत दुसरं बक्षीस मिळालं आणि तेव्हापासून मला ती पदवीच वाटते. स्पर्धेत आम्ही तिघीच होतो आणि तिसरीचा घसा बसला होता, ही माहिती मी सहसा कोणाला देत नाही.

सरकारी आरोग्य विम्याच्या कार्यालयातले एक साहेब शाळेत माहिती द्यायला आले होते. दवाखाना, ऑपरेशन, प्लास्टर, कशाकशाचा खर्च विमा देतो ते सांगत होते. मागच्या रांगा पेंगत होत्या. मी दोघींच्या कानात कुजबुजले, “म्हणजे आमच्या आजीचं हाड मोडलं तर हे देणार. मोडू नये म्हणून काहीच नाही?” लंबू म्हणाली, “मग विचार की! भोंगा ना तू?” झालं. मी उभी.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं, निरुत्तर केलं.

“नाही, वाट बघत नाही,” ते शांतपणे म्हणाले. “भिंतीला धरायचे दांडे, अंघोळीची खुर्ची, घसरू नये म्हणून रबरी चटई, वॉकर, हे सगळं विम्यातून मिळतं. कोणी मागतच नाही. अर्ज केलात तर तपासनीस घरी येऊन बघतात आणि गरज असली तर आमचाच माणूस येऊन बसवून देतो. तुमच्या घरी कोणी आहे का?”

हॉलभर टाळ्या पडल्या. तास संपल्याची घंटा झाली म्हणून पडल्या, असं चष्मिसचं म्हणणं आहे. मी ते मानत नाही.

आता आमच्या घरी कोण आहे ते सांगते. आजी. बाबांची आई. आयुष्यभर मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवलेली, अजूनही पाठ ताठ, आवाज खणखणीत. तिची पितळी शिट्टी तिच्या पलंगाजवळच्या खिळ्याला टांगलेली असते, आणि चहा हवा असला की ती हाक मारत नाही, शिट्टी मारते. आमच्या घरात ‘आई’ अशी हाक दिली की दोघीजणी वळून बघतात, पण शिट्टीला आम्ही चौघंही ताठ होतो, आजीसकट.

तर काही दिवसांपूर्वी आजी बाथरूममध्ये घसरली. त्याचा दोष आमच्या बाबांच्या ड्रिल मशीनकडे जातो. बाबांनी हौसेने टॉवेलसाठी एक दांडा भिंतीत बसवला होता. अंघोळ करून उठताना आजीने आधाराला तो धरला, तर दांडा हातात आला, टाईल दांड्याबरोबर आली आणि आजी खाली आली. हाड मोडलं नाही, कंबर मात्र चांगलीच शेकावी लागली. दार आतून बंद होतं. बाबांनी खांदा मारून उघडलं. त्याच संध्याकाळी त्यांनी आतली कडी काढून टाकली. चारही स्क्रू काढले आणि भोकं पांढऱ्या लांबीने बुजवली. बाबांनी आयुष्यात नीट केलेलं भिंतीवरचं किंवा दारावरचं हे एकमेव काम.

“पुन्हा पडलीस तर दार तोडत बसायचं का?” ते म्हणाले.

 त्या दिवसापासून अंघोळीला जाताना आजी दार लोटायची आणि आतून बादली दाराला लावून ठेवायची. मग आई बाहेरून विचारायची, “आई, ठीक आहात ना?” आजी म्हणायची, “आहे.” पाच मिनिटांनी बाबा. “आई, ठीक ना?” “आहे रे बाबा!” एकदा मी विचारलं तर आतून उत्तर आलं, “भोंग्या, मी अंघोळ करतेय, बातम्या देत नाहीये!”

एकदा ती मला म्हणाली, “तीस-तीस मुलींना शिस्त लावली मी. आता अंघोळीला बसले की दाराबाहेर माझीच हजेरी घेतात. मला दुसरं काही नको गं. माझी कडी हवी.”

बाबांची अट एकच होती. भिंतीला भक्कम दांडे बसल्याशिवाय कडी नाही. आणि बाबांनी बसवलेल्या दांड्यावर घरात कोणाचा विश्वास उरला नव्हता, खुद्द बाबांचासुद्धा नाही. म्हणून शाळेतून मी उड्या मारत घरी आले आणि चप्पल न काढताच जाहीर केलं, “आजी, तुझी कडी परत आणली समज. मी आहे ना!”

‘मी आहे ना’ हे वाक्य मी तेव्हा फार वापरायचे.

अर्ज मी भरला. तपासनीस बाईंचा फोन आला तो मी घेतला. त्यांनी सांगितलं, “विशेष काही नाही. खुर्चीतून उठायचं, थोडं चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. मी घड्याळ लावते, एवढंच.”

घड्याळ! हा शब्द आमच्या घरात उच्चारायला नको होता. बाबा परीक्षा मंडळाच्या कार्यालयात नोकरीला. आई घरी गणिताची शिकवणी घेते. आजीने उभी हयात शर्यती लावण्यात घालवली. आणि मी यांचं एकत्रित उत्पादन. घड्याळ लावून कोणी काही तपासतंय म्हणजे ती परीक्षा, आणि परीक्षा म्हणजे तयारी, यात आमच्यापैकी कोणालाही तिळमात्र शंका आली नाही. परीक्षा कशाची आहे, तीत पास झाल्यावर काय मिळतं, हे विचारायचं भान चौघांपैकी एकालाही राहिलं नाही.

मी आजीची कोच झाले. रोज शाळेतून आले की हॉलमधलं टेबल भिंतीला, खुर्ची मधोमध, माझ्या हातात मोबाईलचं स्टॉपवॉच. “तयार? सुरू!” आजी उठायची, चालायची, वळायची. सुरुवातीला वळताना तिचा तोल जायचा. मी तिला सांगितलं, “आजी, वळताना छोटी पावलं घे.” तिने कमरेवर हात ठेवले. “मला वळायला शिकवतेस? मी अख्ख्या संचलनाला वळवलंय!” पण तिने छोटी पावलं घेतली. बाबांनी तिचे जुने पांढरे कॅनव्हासचे बूट शोधून काढले. आईने संध्याकाळी दुधात बदाम घालायला सुरुवात केली, जो मान एरवी फक्त माझ्या वार्षिक परीक्षेला मिळतो. वेळ रोज कमी होत होता. आजीचे डोळे लकाकत होते. मी लंबूला फोन करून सांगायचे, “आज कालच्यापेक्षा फास्ट!” आणि लंबूसुद्धा म्हणायची, “भारी!” म्हणजे वेडेपणा संसर्गजन्य होता.

तपासणीच्या सकाळी आईने घर असं चकाचक केलं की आम्हालाच पाय ठेवायला भीती वाटावी. आजीच्या पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला एक मळकट पट्टा उमटलेला होता. आई तो साबणाच्या पाण्याने घासत म्हणाली, “बाहेरची माणसं येणार, काय म्हणतील!” पट्टा कसला आहे हे तिला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. आजी चालताना तिथे हात ठेवते. पण आम्ही दोघींनी मिळून तो घासला आणि भिंत कोरी करून टाकली.

तपासनीस बाई आल्या. बुटक्या, हसऱ्या, खांद्याला मोठी पिशवी. त्यांनी खुर्ची ठेवली, घड्याळ काढलं. आजी कॅनव्हासचे बूट घालून, ओचा खोचून बसलेली. मी बाईंच्या मागे उभी राहून ओठांनीच म्हणत होते, एक-दोन, एक-दोन.

काय ती उठली! काय ती चालली! वळताना तर टाच अशी जुळवली की मला वाटलं आता झेंड्याला सलामी देते की काय. बसली ती हात न लावता.

बाईंनी घड्याळ पाहिलं, मग आजीकडे पाहिलं. “वा! या वयात? कमाल आहे तुमची.”

बाबांनी बाईंशी हात मिळवला. आईने चहाबरोबर बिस्किटांचा नवा पुडा फोडला. मी दारापर्यंत सोडायला गेले आणि नम्रपणे म्हटलं, “तयारी मीच करून घेतली.” हे त्यांना ऐकू गेलं नाही, त्या बूट घालत होत्या. जाता जाता म्हणाल्या, “यांना काही म्हणजे काही लागणार नाही. असंच फिरत राहा, आजी!”

दार लागलं. आम्ही तिघं टाळ्या वाजवत होतो. आजी बुटांच्या नाड्या सोडत होती. नाड्या सोडता सोडता तिने मान वर केली.

“मग माझी कडी?”

 आईच्या हातात बिस्किट तसंच राहिलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे, आईने भिंतीकडे. कोऱ्या, स्वच्छ, चमकणाऱ्या भिंतीकडे.

“पण... पण तू पास झालीस ना, आई,” बाबा पुटपुटले.

“पास झाले म्हणूनच तर नाही मिळणार,” आजी म्हणाली. “काय रे, परीक्षा मंडळात करतोस तरी काय तू?”

बाबांची ती नामुष्की मी जन्मभर विसरणार नाही. माझी मात्र लवकर विसरायचा प्रयत्न चालू आहे. चष्मिसला सांगितलं तर ती इतकी हसली की तिला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. “म्हणजे तू आजीला इतकं चांगलं शिकवलंस की तिला काहीच मिळालं नाही? भोंग्या, तुझं नाव शाळेच्या बोर्डावर लावायला पाहिजे.”

बरं, गप्प बसेल तो भोंगा कसला. दुसऱ्याच दिवशी मी नवी योजना घेऊन आजीपुढे उभी. “आजी, परत तपासणी मागू. या वेळी जरा लंगड. थोडंसंच. एक पाय ओढायचा, चेहरा असा करायचा.” आणि मी हॉलभर लंगडून दाखवलं, विव्हळण्यासकट.

आजीने सगळा प्रयोग शांतपणे पाहिला. मग म्हणाली, “जाताना उजवा पाय ओढलास. येताना डावा.”

“अं?”

“पी.टी.चा तास चुकवायला पोरी असंच करायच्या. तासाआधी उजव्या पायात मुरगळ, मधल्या सुट्टीनंतर डाव्या पायात. हजार पोरी पकडल्या मी अशा. आणि आता म्हातारपणी तेच करू? जा, तोंड धू.”

मी तोंड धुवायला बाथरूममध्ये गेले. बादली दाराशी होती, ती लागून मीच धडपडले. कोणाला सांगू नका.

आता राहिला एकच मार्ग. कार्यालय. मी शाळा सुटल्यावर एकटीच गेले. वाटेत भाषण पाठ केलं. सुरुवात ‘आदरणीय’ने होती, मध्ये ‘ज्येष्ठांचा सन्मान’ होता, शेवटी टाळ्यांसाठी जागा सोडली होती. कार्यालयात लांबलचक बाकं, वर गरगरणारे पंखे, खिडकीखिडकीला टोकन हातात घेतलेली माणसं. माझा नंबर आला. काचेमागच्या काकांनी मला आत एका खोलीत पाठवलं, आणि तिथे टेबलाशी त्याच तपासनीस बाई डबा खात बसलेल्या.

“आदरणीय...” मी म्हटलं आणि पुढचं सगळं गेलं. एकूण एक शब्द. मग जे तोंडातून आलं त्याला भाषण म्हणता येणार नाही.

“मीच करून घेतलं ते सगळं. रोज सराव, स्टॉपवॉच, बदाम, बूट. ती एरवी बूट घालत नाही. भिंत धरून चालते. भिंत आम्ही घासली. आम्हाला वाटलं पास व्हायचं असतं. आणि आता तिची कडी माझ्यामुळे...” इथे माझा घसा बसला. त्या स्पर्धेतल्या तिसरीचं दुःख मला तेव्हा कळलं.

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. त्यांचे खांदे हलत होते. आधी वाटलं, माझी दया आली. नाही, हसत होत्या.

“बघ, मी तपासायला गेले की म्हातारी माणसं तरतरीत होतातच,” त्या म्हणाल्या. “चारचौघांत कोणाला कमी दिसायचंय? ते मी धरून चालते. पण घरच्यांनी कोचिंग क्लास लावलेला आजवर पाहिला नव्हता. तरीच पाठीमागून कोणीतरी एक-दोन करतंय असं मला वाटत होतं!” मग गंभीर झाल्या. “चूक माझीही आहे. हॉलमध्ये बघून निघाले. पडल्या होत्या बाथरूममध्ये, आणि बाथरूम मी नुसतं डोकावून पाहिलं. मी परत येते. पण माझ्या तीन अटी. बूट नाहीत. घर आवरायचं नाही. आणि तू घरात नको.”

पहिली अट आजीने मान्य केली. तिसरी मी मान्य केली, नाक मुरडत. दुसरी अट ऐकून आईला ताप यायचा बाकी होता. भिंतीवर पट्टा परत उमटू लागला तसतशी ती तिथून तोंड फिरवून जायची. एकदा ती हातात ओलं फडकं घेऊन उभी असताना मी तिला रंगेहाथ पकडलं. “नुसती कडा पुसत होते गं,” म्हणाली. फडकं मी जप्त केलं.

बाई आल्या त्या दिवशी मी जिन्यात बसले होते. घरात नको म्हणाल्या होत्या, जिन्याबद्दल काही बोलल्या नव्हत्या. आमच्या बाथरूमची खिडकी जिन्याकडे उघडते. लंबू आणि चष्मिस दोन बाजूंना, माझ्या तोंडावर लंबूचा हात. खबरदारी म्हणून.

आधी आतून बाईंचा आवाज लांबून आला. “हा पट्टा कसला?”

“अहो, मी पुसणारच होते, पण...” आईचा आवाज रडवेला.

“बरं झालं नाही पुसलात. आजी, चला, रोज जाता तशा.”

मग पावलं. सावकाश, घासत येणारी. हीच ती पावलं, जी मी रोज ऐकत होते आणि सरावाच्या वेळी माझ्या ‘एक-दोन’च्या आवाजात मला ऐकू येत नव्हती. पावलं खिडकीजवळ येऊन थांबली. बाथरूमच्या उंबऱ्याशी.

“इथे पट्टा संपतो,” बाई म्हणाल्या. “पुढे टाईल्स. इथून पुढे कशाला धरता?”

“पूर्वी टॉवेलचा दांडा होता,” आजी म्हणाली.

“आणि आता?”

 नळ थेंब थेंब गळत होता, तेवढाच आवाज. लंबूने माझ्या तोंडावरचा हात काढला, तरी मी काही बोलले नाही.

मग आजीचा आवाज आला. खणखणीत नाही. अगदी हळू.

“जरा हात द्याल का?”

माझ्या आजीने कोणाकडे हात मागितलेला मी कधी ऐकला नव्हता. घसरली त्या दिवशीसुद्धा ती बाबांना म्हणाली होती, “सरक, उठते मी.” मी गुडघ्यांत डोकं घातलं. चष्मिसने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि पहिल्यांदाच काहीही टोमणा मारला नाही.

मंजुरी आली. दोन दांडे, एक अंघोळीची खुर्ची, एक रबरी चटई, आणि उंबऱ्याशी आणखी एक छोटा दांडा, जो आम्ही मागितलाही नव्हता. तो बाईंनी स्वतःहून लिहिला होता. बसवणारा माणूस आला तो चांगला धिप्पाड. त्याने भिंत ठोकून ठोकून बघितली, बाबांच्या जुन्या भोकांत बोट घालून विचारलं, “हे कोणी केलं?” बाबा म्हणाले, “आधीच्या भाडेकरूंनी.” आधीचे भाडेकरू नाहीत, घर आमचंच आहे. काम झाल्यावर तो माणूस दांडा धरून अख्ख्या वजनानिशी मागे झुकला. दांडा हूं की चूं नाही. बाबांनी नंतर, कोणी बघत नाहीसं पाहून, तसंच करून बघितलं. मी बघत होते.

आजीने खुर्चीवर बसून बघितलं, उठून बघितलं, उंबरा ओलांडून बघितला. मग आम्हा सगळ्यांकडे वळली. नंतर दाराच्या आतल्या बाजूला बघत राहिली, जिथे लांबीचे चार पांढरे ठिपके होते.

बाबा खाकरले. “कडीचं बघू हं, आई. थोडे दिवस जाऊ देत. सवय होऊ दे. पुढच्या महिन्यात वगैरे...”

“हो, घाई कशाला,” आई म्हणाली. “मी असतेच की दाराशी.”

आजीने मान हलवली आणि बादली उचलायला वाकली. दाराला लावायला.

माझ्या खिशात सकाळपासून एक पुडकं होतं. हार्डवेअरच्या दुकानातून आणलेलं. दुकानदाराला मी कारण सांगितलं तर त्याने ही कडी दिली होती, आतून लागणारी, पण अडचण आली तर बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येणारी. मी ते पुडकं टेबलावर ठेवलं. मग आजीच्या पलंगाजवळ गेले, खिळ्यावरची शिट्टी काढली आणि खुर्चीजवळच्या नव्या दांड्याला तिची दोरी बांधली, बसल्याबसल्या हात पोहोचेल अशी.

आजी बादली धरून तशीच थांबली. तिच्या ओठांचा कोपरा हलला.

“आई, बाबा, इकडे बघा,” मी म्हटलं. माईक नव्हता, तरी आवाज पार जिन्यापर्यंत गेला असणार. “मी ठरवलंय. कडी आत्ता बसणार आणि मी बसवणार. बाबा, ड्रिल मशीन द्या, आणि ते यापुढे माझ्या कपाटात राहील. आजी आत गेली की दाराशी कोणी उभं राहायचं नाही, ‘ठीक आहात ना’ विचारायचं नाही. मीसुद्धा नाही. शिट्टी वाजली तरच जायचं.”